इंग्रजीतले आकड्यांचे वाक्प्रचार शोधायला कोणता शब्दकोश?

इंग्रजीत आकडे असलेले वाक्प्रचार सोपे दिसतात, कारण त्यातला शब्द न् शब्द पहिली-दुसरीतला असतो. वन, टू, सिक्स, नाइन. अडचण नेमकी तिथेच आहे. ‘फॉर्टी विंक्स’ म्हणजे चाळीस वेळा डोळे मिचकावणं नव्हे, ती दुपारची डुलकी. ‘सेकंड टु नन’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा नव्हे. ज्याच्यापुढे कोणीच नाही, असा अव्वल. वाचताना अडखळायला होत नाही, म्हणून शब्दकोश उघडावासाच वाटत नाही, आणि उघडलाच तर कुठला शब्द शोधायचा हे कळत नाही. अनोळखी शब्द तर एकही नसतो.

या एका कामासाठी मोफत मिळणाऱ्या सेवा किती उपयोगी पडतात ते इथे पाहिलं आहे: केंब्रिज आणि ऑक्सफर्ड लर्नर्स हे शिकणाऱ्यांसाठीचे ऑनलाइन शब्दकोश, मेरियम-वेब्स्टर, विक्शनरी, गूगलचं भाषांतर, गूगलचाच एनग्रॅम व्ह्यूअर, पाठांतरासाठी अँकी हे प्रश्न-उत्तरांची कार्डं दाखवणारं ॲप आणि शेअर होत फिरणाऱ्या ‘आकड्यांचे पन्नास वाक्प्रचार’ छापाच्या याद्या. यांतले बहुतेक अर्थ सांगतातच. म्हणून कसोट्या तीन लावल्या. वाक्प्रचार वाक्यात कसा बसवायचा ते कळतं का? तो कुठल्या देशात आणि कुठल्या प्रसंगी चालतो ते कळतं का? आणि उगमाबद्दल थापा तर मारल्या जात नाहीत ना?

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. रोजच्या कामाला केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स, दोन्हींत उन्नीस-वीसचाच फरक. अमेरिकन वापरासाठी मेरियम-वेब्स्टर. उगमासाठी विक्शनरी, पण तळटिपा बघून. भाषांतराचं यंत्र फक्त अंदाजापुरतं. याद्या नकोतच.

आधी शोधण्याबद्दल, कारण निम्मे लोक इथेच माघार घेतात. शोधपेटीत आकडा अक्षरांत लिहा, अंकांत नको. ‘९ यार्ड्स’ असं अंकात टाकल्यावर जे हाती लागत नाही ते ‘नाइन यार्ड्स’ लिहिल्यावर लागतं. मग सर्वनाम काढून टाका. पुस्तकात ‘इट नॉक्ड हिम फॉर सिक्स’ वाचलंत, तर शोधायचं ‘नॉक फॉर सिक्स’. क्रियापद मूळ रूपात, ‘हिम’ गायब. शब्दकोश त्या जागी ‘समबडी’ किंवा ‘समथिंग’ लिहितो, छापील आवृत्त्यांत त्याचं एस-बी आणि एस-टी-एच असं आखूड रूप दिसतं. त्या जागी माणूस येतो की वस्तू, एवढंच त्याला सांगायचं असतं, आणि हे वाचायची सवय लागली की निम्मं व्याकरण तिथेच मिळतं. तरीही सापडलं नाही, तर आकडा सोडून नामाखाली बघा: ‘माइंड’, ‘क्लाउड’, ‘यार्ड’, ‘स्क्वेअर’. ऑक्सफर्ड लर्नर्समध्ये वाक्प्रचार मुख्य नोंदीच्या अगदी तळाशी वेगळ्या विभागात असतात. ‘माइंड’सारख्या लांबलचक नोंदीत तिथपर्यंत खाली सरकत जावं लागतं, फोनवर हे कंटाळवाणं आहे. केंब्रिजमध्ये बऱ्याच वाक्प्रचारांना स्वतःचं पान असतं, तिथे हा त्रास कमी.

आता एक वाक्प्रचार जवळून पाहू. ‘नॉक समबडी फॉर सिक्स’. हा थेट क्रिकेटमधून आलेला, त्यामुळे मराठी वाचकाला वाटतं की आपल्याला कळला. षटकार मारला म्हणजे कोणीतरी बाजी मारली! इथेच फसगत होते. या वाक्प्रचारात माणूस फलंदाज नसतो, चेंडू असतो. नोकरी गेल्याच्या बातमीने कोणी ‘नॉक्ड फॉर सिक्स’ झाला, तर तो पार हादरला, पायाखालची जमीन सरकली. मराठीत ‘त्याने षटकार ठोकला’ हे कौतुक आहे, इंग्रजीतलं हे रूप बहुतेक वेळा धक्क्याचं. चांगला शब्दकोश इथे तीन गोष्टी देतो. एक, ‘समबडी’ची जागा क्रियापद आणि ‘फॉर’ यांच्या मध्ये. दोन, ब्रिटिश आणि अनौपचारिक असा शिक्का. तीन, ज्यात कर्ता माणूस नसून बातमी, आजार किंवा मृत्यू आहे असं उदाहरण. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची, कारण अर्थाच्या ओळीत ‘धक्का बसणे’ लिहिलं तरी कोण कोणाला धक्का देतो हे उदाहरणाशिवाय डोक्यात बसत नाही. अमेरिकन सहकाऱ्याला हे वाक्य लिहून पाठवलंत तर त्याला कदाचित अर्थच लागणार नाही. क्रिकेट त्याच्या भाषेत नाही. त्याच्याकडे ‘बिहाइंड द एट बॉल’ आहे, अडचणीत सापडलेल्यासाठी, तो पूल टेबलावरून आलेला.

दुसरा नमुना ‘इन टू माइंड्स’. मराठीतून येणारा हमखास ‘दुमत’ या शब्दावर घसरतो. दोन मतं, टू माइंड्स, झालं जुळलं. पण ‘दुमत’ दोन माणसांत असतं आणि ‘इन टू माइंड्स’ एकाच माणसाच्या डोक्यात. आपल्याकडचा जवळचा शब्द ‘द्विधा’. ‘याबद्दल दुमत नाही’ याला इंग्रजीत वेगळाच आकडेवाला वाक्प्रचार आहे, ‘देअर आर नो टू वेज अबाउट इट’. शिवाय ब्रिटनमध्ये ‘इन टू माइंड्स’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘ऑफ टू माइंड्स’. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड लर्नर्स दोघेही हा फरक नोंदीतच दाखवतात, पुढे ‘अबाउट’ येतं हेही दाखवतात. ‘टू माइंड्स म्हणजे द्विधा’ एवढं पाठ करणाऱ्याला यांतलं काहीच मिळत नाही आणि तो बोलताना ‘आय हॅव टू माइंड्स’ म्हणून मोकळा होतो.

याच कारणाने याद्यांवर राग आहे. एक ते दहा आकडे, प्रत्येकाखाली पाचसहा वाक्प्रचार, समोर दोन शब्दांचा अर्थ, बाजूला रंगीत चित्र. ‘टेन अ पेनी’ आणि ‘अ डाइम अ डझन’ या दोन वेगळ्या ओळी म्हणून येतात. दोन्हींचा अर्थ एकच, पैशाला पासरी, फक्त पहिला ब्रिटिश आणि दुसरा अमेरिकन, हे सांगायचं राहून जातं. ‘थर्ड टाइम लकी’ आणि ‘थर्ड टाइम्स द चार्म’ यांचंही तेच. ‘लुक आउट फॉर नंबर वन’ समोर ‘स्वतःची काळजी घेणे’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं तब्येतीला जपा म्हणताहेत. खरा सूर आहे आपल्याच पोळीवर तूप ओढण्याचा, आणि तो सूर गेला की वाक्प्रचारात उरतं काय? ‘एटी-सिक्स’ हा अमेरिकन खाणावळीतल्या कामगारांचा शब्द, पदार्थ संपला किंवा गिऱ्हाइकाला बाहेर काढा अशा अर्थाचा. यादीत तो ‘इलेव्हन्थ अवर’च्या शेजारी बसतो, जणू दोन्ही निबंधात चालतील.

‘इलेव्हन्थ अवर’वरून आठवलं: अकरावा तास म्हणजे रात्रीचे अकरा नव्हेत. मूळ बायबलमध्ये, मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात. तिथे तास सूर्योदयापासून मोजले जात, दिवसाचे बारा. म्हणून अकरावा तास म्हणजे साधारण संध्याकाळचे पाच, मजुरी संपायला एकच तास उरलेला. पहिलं महायुद्ध अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजता थांबलं त्यावरून हा शब्द आला, असं कुठे वाचलंत तर ते पान बंद करा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो छापलेला आहे.

उगमाच्या कसोटीवर सगळ्यांत जास्त भेसळ सापडते. ‘द होल नाइन यार्ड्स’, म्हणजे सगळंच्या सगळं, हा त्याचा मासला. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड. वैमानिक पूर्ण पट्टा झाडून यायचा तो ‘होल नाइन यार्ड्स’. गोष्ट झकास, हिशोबही जुळतो. पण १९०७ सालच्या अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका वृत्तपत्रात ‘फुल नाइन यार्ड्स’ सापडलं आहे आणि १९१२ च्या केंटकीतल्या एका वृत्तपत्रात ‘होल सिक्स यार्ड्स’. म्हणजे महायुद्ध तर बादच, आणि सुरुवातीला आकडा सहा की नऊ हेही पक्कं नव्हतं. मग पट्टा, कापडाचा तागा, काँक्रीटची गाडी, काहीही मोजून नऊ काढण्यात अर्थ उरत नाही. इथे प्रामाणिक उत्तर एकच: उगम अज्ञात. जी सेवा हे दोन शब्द लिहायला कचरत नाही, ती विश्वासाची.

‘बॅक टु स्क्वेअर वन’चीही अशीच कथा. बीबीसीने १९२७ मध्ये रेडिओवर फुटबॉलचं समालोचन सुरू केलं तेव्हा श्रोत्यांसाठी मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा छापला जायचा. त्यातल्या पहिल्या चौकोनावरून हा शब्द आला म्हणतात. नकाशा खरा होता. पण छापील पुरावा मिळतो तो १९५२ चा, आणि त्या वाक्यात चक्क सापशिडीचा उल्लेख आहे. अर्थही तिथेच बसतो. फुटबॉलमध्ये चेंडू पहिल्या चौकोनात गेला म्हणून खेळ पहिल्यापासून सुरू होत नाही; सापाने गिळलं की होतो.

‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ तर शतकं मागे जातो. अर्थ गोंधळात, विस्कळीत. लंडनमधल्या शिंपी आणि कातडी कमावणारे यांच्या दोन व्यापारी संघांत मिरवणुकीत सहावा मान कोणाचा आणि सातवा कोणाचा यावरून भांडण होतं, १४८४ मध्ये नगरप्रमुखाने आलटून पालटून असा निवाडा दिला. हा निवाडा इतिहासात आहे. मात्र इंग्रज कवी चॉसर १४०० मध्ये वारला आणि त्याच्या काव्यात ‘सिक्स अँड सेव्हन’वर जग पणाला लावल्याचा उल्लेख आहे. वाक्प्रचार भांडणापेक्षा जुना. फाशांच्या जुगारातून आला असावा हा अंदाज त्यामानाने बरा. मराठी प्रतिशब्द देताना मात्र ‘तीनतेरा’ नको. आकड्याला आकडा मिळतो म्हणून हात तिकडे जातो, पण तीनतेरा वाजले की वाट लागलेली असते. ‘सिक्सेस अँड सेव्हन्स’मधलं घर आवरता येतं.

या बाबतीत विक्शनरीचं वागणं बरं आहे. उगमाच्या भागात जुने छापील दाखले आणि त्यांचे स्रोत दिलेले असतात, काही ठिकाणी इतर भाषांतले प्रतिशब्दही. पण ती कोणीही बदलू शकतो, म्हणून ज्या वाक्यापुढे तळटीप नाही ते गावगप्पांत धरावं. मेरियम-वेब्स्टर शब्द म्हणून स्वतंत्र नोंद असेल तिथे पहिल्या ज्ञात वापराचं साल देतो. ते साल म्हणजे आजवर सापडलेला सगळ्यांत जुना लेखी पुरावा, शब्दाची जन्मतारीख नव्हे. उद्या कोणी जुनं वृत्तपत्र चाळलं तर ते मागे सरकतं. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड लर्नर्समध्ये उगम क्वचितच असतो. ती उणीव धरू नका. थाप मारण्यापेक्षा गप्प बसणं परवडलं.

उगम नक्की माहीत असलेला एक अपवाद म्हणजे ‘कॅच-ट्वेंटी-टू’. जोसेफ हेलरच्या १९६१ च्या कादंबरीचं हे नाव. आधी ते अठरा होतं. त्याच वर्षी लिऑन युरिसची अठरा आकड्याचीच कादंबरी येत होती, म्हणून बदललं. म्हणजे बावीसला स्वतःचा काहीच अर्थ नाही. याद्यांत याच्यासमोर ‘पेचप्रसंग’ किंवा ‘इकडे आड तिकडे विहीर’ लिहितात, ते चूक. आड-विहिरीत दोन वाईट पर्याय असतात. कॅच-ट्वेंटी-टूमध्ये एक अट दुसरीच्या पायात पाय घालते: अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही. मराठीत याला तंतोतंत म्हण आहे, ‘लग्न होईना म्हणून वेड जाईना, वेड जाईना म्हणून लग्न होईना’. गंमत म्हणजे हेलरच्या मूळ कलमाचा विषयही वेडच आहे. वेडा ठरलात तर उड्डाणातून सुटका, पण सुटका मागितलीत म्हणजे तुम्ही शहाणे!

‘नाइन डेज वंडर’ आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ हे दुसरं जवळचं जुळं. आकडा, दिवस, सगळं सारखं. तरी एक धागा सुटतो. इंग्रजीतला वाक्प्रचार चार दिवस गाजलेल्या माणसाला किंवा घटनेला लागतो, आपला नव्याच्या उत्साहाला. नव्या सुनेचं कौतुक ओसरलं तर मराठीत चपखल, इंग्रजीत तिला ‘नाइन डेज वंडर’ म्हणणं विचित्र.

गूगलच्या भाषांतराकडे नुसता वाक्प्रचार देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, शक्यतो मागचं-पुढचं एकेक वाक्यही. संदर्भ मिळाला तर यंत्र बरेचदा अर्थापर्यंत जातं, नाही मिळाला तर शब्दशः नऊ यार्ड हातात ठेवतं. ‘टेन टु वन’ हे तर त्याच्यासाठी सापळाच: एकला दहा कमी, दहास एक अशी शक्यता, की सामन्याचा निकाल? उलट भाषांतर करून खात्री करायची युक्तीही फसवी आहे. शब्दशः मराठी झालेलं वाक्य शब्दशः परत इंग्रजीत गेलं की मूळ वाक्प्रचार जसाच्या तसा उमटतो आणि सगळं बरोबर असल्याचा भास होतो. केंब्रिजमध्ये इंग्रजी-मराठी विभाग आहे, तो सुट्या शब्दांसाठी ठीक. वाक्प्रचारासाठी इंग्रजी-इंग्रजी नोंदच वाचावी.

एनग्रॅम व्ह्यूअर हे शब्दकोशाचं काम करत नाही, पण एका प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उत्तर कोणी देत नाही: हे आता कोणी लिहितं का? छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह वर्षागणिक किती येतो त्याची रेघ तो काढतो. स्वल्पविराम देऊन ‘इन टू माइंड्स’ आणि ‘ऑफ टू माइंड्स’ शेजारी टाका, मग वरून ब्रिटिश इंग्रजी आणि अमेरिकन इंग्रजी असा संच आळीपाळीने निवडा. मर्यादा लक्षात ठेवा. एका वेळी पाचच शब्द चालतात, त्यामुळे ‘सिक्स ऑफ वन, हाफ अ डझन ऑफ द अदर’ हे नऊ शब्दांचं प्रकरण त्यात मावतच नाही. निदान चाळीस पुस्तकांत न आलेला शब्दसमूह दिसत नाही, म्हणजे रिकामी रेघ दिसली तरी तो शब्दच नाही असं ठरत नाही. इंग्रजीतली लहान आणि कॅपिटल अक्षरं तो वेगळी धरतो, तेव्हा दोन्ही एकच धरणारा ‘केस-इन्सेन्सिटिव्ह’ पर्याय आधी चालू करून घ्या. आणि ‘टेन टु वन’ इथेही घड्याळ आणि पैज एकत्रच मोजतो. जाता जाता, ‘सिक्स ऑफ वन’ला ‘दगडापेक्षा वीट मऊ’ लावू नका; विटेत थोडी तरी सुटका असते, सहा आणि अर्धा डझन यांत काडीचा फरक नाही.

पाठांतरासाठी अँकी. वाक्प्रचार एका बाजूला आणि अर्थ दुसऱ्या बाजूला, असं कार्ड करू नका. ओळखता येतं, वापरता येत नाही. रिकाम्या जागेचं कार्ड करा, त्याला तिथे क्लोझ म्हणतात. वाक्य शब्दकोशातल्या उदाहरणावरून घ्या, उदाहरणार्थ ‘शी वॉज इन टू माइंड्स अबाउट टेकिंग द जॉब’, आणि झाका ‘इन’ व ‘अबाउट’. आकडा झाकलात तर तोच आठवत बसाल, आणि चुकतं ते शब्दयोगी अव्यय. दोन्ही जागांना एकच क्रमांक दिला तर त्या एकाच कार्डावर झाकल्या जातात, वेगळे क्रमांक दिले तर दोन कार्डं तयार होतात. इथे एकच बरा. मागच्या बाजूला मराठी अर्थ, ब्रिटिश की अमेरिकन, आणि एका शब्दात सूर: कौतुक, टोमणा, धक्का. रोज नवी कार्डं वीस अशी मुळात मांडणी असते, ती पाचवर आणा. ‘क्लाउड नाइन’, ‘सेव्हन्थ हेवन’ आणि ‘ड्रेस्ड टु द नाइन्स’ एका दिवशी घेऊ नका. पहिले दोन आनंदाचे, तिसरा नटण्याथटण्याचा, आणि सात-नऊची अशी सरमिसळ होते की महिन्याभराने ‘क्लाउड सेव्हन’ तोंडात येतं. तसं बघायला गेलं तर क्लाउड सेव्हन आणि क्लाउड एट हेही एकेकाळी इंग्रजीत चालत होते, पण आज कोणी ऐकून घेणार नाही.

दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेले कार्डांचे गठ्ठे उतरवून घेण्याआधी पाच कार्डं उघडून बघा. मागच्या बाजूला उदाहरणाचं वाक्य नसेल किंवा ‘होल नाइन यार्ड्स’खाली मशीनगन आली असेल, तर गठ्ठा यादीवरून उचललेला आहे.